जावयाच्या बाथरूमचं कुलूप

आमचे भाऊजी गणपतराव यांच्या घरात एक बाथरूम फक्त जावयासाठी आहे. देवासाठी देवघर, तसं जावयासाठी बाथरूम. फरक एवढाच की देवघरात घरची माणसं रोज जातात आणि या बाथरूमला कुलूप असायचं. हसू नका, मी काही बनवून सांगत नाही. मनीषनगरला या, दाखवतो.

मी बाबाराव, त्यांचा साळा. एसटी स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारण्यात माझी सारी नोकरी गेली. त्यामुळे मला हळू बोलता येत नाही आणि खोटं ऐकवत नाही. साळ्याला बहिणीच्या घरी किती मान असतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. जावई आला की पुरणाचे धोंडे. साळा आला की, "बाबाराव, चहा घेता का घेऊनच आले?"

पण हेच भाऊजी आमच्या घरचे जावई आहेत, हे मी विसरलेलो नाही. शोभाताईचं लग्न झालं आणि लगेच धोंड्याचा महिना लागला. आमच्या वडिलांनी यांना पारशिवनीला बोलावलं. अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. तर या नारायणाने आंघोळीचं पाणी आधी फार कढत म्हणून परत पाठवलं आणि मग फार थंड म्हणून. माझी आई चुलीपुढे घामाघूम झाली. जावयाचा मान मोरीत असतो, हे भाऊजींचं मत तेव्हापासूनचं आहे.

धंदाही त्यांना शोभेल असाच मिळाला. सदरमध्ये त्यांचं सन्मानचिन्हांचं दुकान आहे. शाल, श्रीफळ, सोनेरी ढाल, काचेच्या पेटीतलं कमळ. निवृत्तीचा सत्कार असो की गुणवंतांचा, अर्ध्या नागपूरचा माल त्यांच्याकडून जातो. समोरच्या माणसाला बूट-चपलेवरून ओळखून ते ढालीची उंची ठरवतात. माणूस मनाने वाईट नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सांगायची इच्छा राहणार नाही.

घरात ते, आमची ताई आणि भाऊजींची थोरली बहीण सिंधूताई. यांना भाऊजी "बाई" म्हणतात. सिंधूताईंचं सासर नरखेड तालुक्यातलं. नवरा गेला, संत्र्याचा बगीचा दीर बघतो. गुडघ्याच्या इलाजासाठी त्या नागपूरला आल्या तेव्हा भाऊजींनीच हात धरून ठेवून घेतलं. "तू मले कडेवर घेऊन फिरली, आता काहून जातं," असं म्हणाले होते. ते माझ्यासमोरच म्हणाले होते आणि मनापासून म्हणाले होते.

त्यांची मुलगी उन्नती पुण्याला दिलेली आहे, जावयाचं नाव मोहित. मागच्या धोंड्याच्या महिन्यात दोघं आले होते. सकाळी मोहित खांद्यावर टॉवेल टाकून बाथरूमकडे गेला, तर आत सिंधूताई. गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागतो. पोरगा गुणी, भिंतीला टेकून मोबाइल बघत उभा राहिला. त्याला काहीच वाटलं नाही. पण भाऊजींनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा घरात चोरी झाल्यासारखा झाला. "जावई मोरीबाहेर उभा होता, बाबाराव," असं ते मला त्यानंतर कितीतरी महिने सांगत होते.

मग निघालं बांधकाम. पाहुण्यांच्या खोलीला लागून स्वतंत्र बाथरूम काढायचं ठरलं. जागा कुठून आणायची? शेजारच्या खोलीतून. शेजारची खोली कोणाची? सिंधूताईंची. खोलीचा एक पट्टा कापला, त्यात त्यांची एकुलती एक खिडकीही गेली. "बाईले खिडकी कायले पायजे," भाऊजी म्हणाले, "ते तं अंधारातबी वाती वळते." तरी दया म्हणून मिस्त्रीला सांगून मधल्या भिंतीत वर एक जाळी ठेवली. म्हणजे जावयाच्या बाथरूममध्ये येईल तेवढा उजेड आणि हवा, त्यातलं उरलेलं बाईंना.

बाथरूम मात्र झालं झकास. छतापर्यंत टाइल्स, ताटाएवढा शॉवर, आणि खुंटीला प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेला पांढरा टर्किश टॉवेल. सगळ्या ओळखीच्यांना बोलावून दाखवलं, पेढे दिले आणि कुलूप लावलं. घरात कोणी ते वापरायचं नाही, कारण वापरलं की जुनं होतं. जावई काही आला नाही. आधी त्याला सुट्टी नव्हती, मग उन्नतीचं बाळंतपण झालं, मग बाळ लहान होतं. कुलूप तसंच राहिलं. एकदा मला तिथे पोटाची फार घाई झाली. जुन्या बाथरूममध्ये सिंधूताई होत्या. मी भाऊजींकडे पाहिलं, भाऊजींनी कुलपाकडे पाहिलं. मी रिक्षा करून घरी गेलो. कसा पोहोचलो ते विचारू नका.

यंदा धोंड्याचा महिना नेमका नवतप्यात, मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, आला आणि मोहितने येतो म्हणून कळवलं. भाऊजी कामाला लागले. जावयाला कूलरच्या घरघरीत झोपवायचं म्हणजे पाप. दोन्ही कूलर गच्चीवर गेले, एसी आले. थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्यांच्या फटींत फोमच्या पट्ट्या बसवल्या, दारांना रबर लावलं, झरोके बुजवले. घर असं बंद केलं की आतल्या माशीलाही बाहेर जायची सोय राहिली नाही.

आणि घरात वास यायला लागला.

कसला म्हणाल, तर गटाराचा. सकाळी कमी, दुपारी जास्त, आणि स्वयंपाकाच्या वेळी तर नको नको. भाऊजींनी आधी मागच्या नाल्याला दोष दिला. मग शेजाऱ्यांच्या टाकीला. मग उंदीर मेला असेल म्हणून सोफा फाडला. शेवटी प्लंबर आला. त्याने स्वयंपाकघरातलं सिंक खोललं, जुनं बाथरूम पाहिलं आणि कुलपाकडे बोट दाखवून म्हणाला, "हे उघडा ना काका."

"ते नवं आहे," भाऊजी म्हणाले. "त्यात आजपर्यंत कोणी पाय ठेवला नाही. जिथं माणूसच गेला नाही तिथं घाण कुठून येईन?"

प्लंबरला दुसरीकडे जायचं होतं. तो गेला. आणि खरं सांगायचं तर ते बोलणं तिथे बसलेल्या आम्हा सगळ्यांनाच पटलं होतं.

मग भाऊजींना वाटलं, वास आहे तर बाहेर फेकला पाहिजे. स्वयंपाकघरातला लहान एक्झॉस्ट फॅन काढून त्यांनी मोठा बसवला. एवढा मोठा की सुरू केला की कॅलेंडरची पानं त्याच्याकडे धावायची. फॅन लावला की वास वाढायचा, बंद केला की कमी व्हायचा. हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. भाऊजींना कळलं ते असं की फॅन अजून लहान पडून राहिला.

फिनाइल झालं, कापूर झाला, गुलाबाचा फवारा झाला. आता घरात गुलाबाच्या बागेतून नाला गेल्यासारखा वास यायला लागला. जावई यायचे दिवस जवळ येत होते. एका दुपारी भाऊजी नाक पुढे करून खोलीखोलीतून फिरले, हुंगत हुंगत सिंधूताईंच्या दाराशी थांबले, आत गेले आणि बाहेर आले. वास सगळ्यात जास्त तिथेच होता.

ते बाईंना काहीच बोलले नाहीत. आमच्या ताईला म्हणाले, "म्हातारं शरीर आहे, तेल लावते, बाम लावते. खोलीत खिडकी नाही. वास राहीनच." जशी खिडकी उंदरांनी नेली होती.

सिंधूताई बहिऱ्या नाहीत. त्यांनी त्या दिवसापासून गुडघ्यांना तेल लावणं सोडलं. बामची बाटली देऊन टाकली. सगळी लुगडी पुन्हा धुतली, गादी गच्चीवर नेऊन भर उन्हात टाकली आणि त्या गुडघ्यांनी जिना चढल्या. मी गेलो तेव्हा मला जवळ बोलावून म्हणाल्या, "बाबाराव, तू खोटं बोलत नाहीस. मायापासून वास येते का गा?"

मी म्हटलं, "नाही येत, ताई."

"मंग मले काहून येते?" त्या म्हणाल्या. "मलेबी येते, बावा. मी दोनदा आंघोळ केली तरी येते." आणि त्यांनी स्वतःचा पदर नाकाशी धरून पाहिला. मला रडू आलं, सांगायला लाज कसली. ज्या बाईने जन्मभर कोणाच्याही अंगणात जाण्याआधी पाय धुतले, तिला स्वतःची किळस वाटायला लावली होती या घराने.

पुढे भाऊजींनी जे केलं ते तर कहर. त्यांनी बाईंच्या दिराला, रुपरावला, गावी फोन लावला. हॉलमध्ये उभं राहून, दुकानात बोलतात तशा आवाजात. "रुपराव, जावई येऊन राहिला. बाईच्या खोलीतून वास येते, भल्ला वास. महिनाभर तिकडे ठेवून घ्या." रुपरावचा फोन नेहमी लाऊडवर असतो आणि रुपराव नेहमी चारचौघांत ओट्यावर असतो. म्हणजे ते एकट्या रुपरावनेच ऐकलं असं नाही.

मी भाऊजींशी भांडलो. त्या घरात मी पहिल्यांदाच स्टँडवरचा आवाज लावला, पण उपयोग झाला नाही. "महिन्याभराचा तं सवाल आहे," ते म्हणाले. "जावयानं नाक दाबलं तं मी तोंड कुठं दाखवू?" सिंधूताईंनी एका पिशवीत दोन लुगडी घातली. मी त्यांना नरखेडच्या गाडीत बसवून दिलं. शेजारच्या सीटवर एक बाई येऊन बसली, तशा या सरकत सरकत खिडकीला चिकटल्या. लांब राहायचं होतं त्यांना, दुसऱ्याला त्रास नको म्हणून. गाडी सुटेपर्यंत मी तिथे उभा होतो आणि भाऊजींना मनातल्या मनात ज्या शिव्या देत होतो त्या इथे लिहिता येणार नाहीत.

मोहित आला. भाऊजींनी कुलपाला हळदकुंकू लावलं, उघडलं, आणि आतून असा भपकारा आला की उन्नतीने बाळाचं तोंड झाकलं. "बंद होतं ना, कोंदट झालं," भाऊजी घाईने म्हणाले. मोहित प्रवासाने घामेजला होता, तो आत गेला आणि ताटाएवढ्या शॉवरखाली मनसोक्त उभा राहिला. टर्किश टॉवेल मात्र त्याने पिशवीतून काढला नाही, स्वतःचा आणला होता. दुपारपर्यंत घरातला वास गेला. पार गेला.

भाऊजींनी मला कोपऱ्यात नेलं. "पाहा बाबाराव. मी म्हणत होतो का नाही? बाई गेली, वास गेला."

मी घरभर हुंगून पाहिलं, वास खरंच नव्हता. याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

धोंडे झाले, अनारसे झाले, चांदीचा दिवा दिला. जेवताना मोहितने विचारलं, "आत्या दिसत नाहीत?" भाऊजी म्हणाले, "हवापालटाला गेल्या नरखेडकडे." नवतप्यात, नरखेडला, हवापालट. पोरगा पुण्याचा, त्याने मान हलवली. चार दिवस राहून ते गेले. भाऊजींनी बाथरूम पुसून घेतलं, कोरडं केलं, पुन्हा कुलूप लावलं आणि लढाई जिंकल्यासारखे दुकानात गेले.

ऊन काही कमी झालं नव्हतं. एसी चालू, घर बंद, मोठा फॅन सुरू. दोनेक आठवडे बरे गेले आणि मग एका दुपारी, मी तिथे बसलो असताना, पुन्हा तो वास आला.

आता घरात दोनच माणसं. भाऊजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, पण मी नुकताच आलो होतो. मग त्यांनी हळूच स्वतःचा शर्ट हुंगला. मग त्यांची नजर ताईकडे गेली.

आमच्या ताईने त्या घरात कधी वर तोंड करून शब्द काढला नव्हता. ती भाजी निवडत होती. तिने परात खाली ठेवली आणि म्हणाली, "आता माया नंबर आहे का?"

ताई उठली, देवघरातल्या डब्यातून चाबी घेतली आणि सरळ जाऊन जावयाचं कुलूप उघडलं. भपकारा आला. तिने नाकाला पदर लावला, खाली बसली, नहाणीची स्टीलची जाळी उचलली आणि मला म्हणाली, "भाऊ, मोबाइलची बत्ती धर बरं." मी धरली. आत खडखडीत कोरडं. तळाशी एक झुरळ उताणं पडलेलं, तेही वाळलेलं. तिने बादली भरली आणि ओतली, दुसरी भरली आणि कमोडमध्ये ओतली. तिथेही पाणी तळाला गेलं होतं. मग ताईने चहा ठेवला आणि आम्ही तिघं हॉलमध्ये येऊन बसलो. चहा होईपर्यंत वास गेलेला होता.

मी त्या प्लंबरला फोन केला. त्याने सांगितलं ते एवढंच: जाळीखाली जो वाकडा भाग असतो, त्याला ट्रॅप म्हणतात, त्यात पाणी साचून राहतं आणि तेच पाणी गटाराचा वास वर येऊ देत नाही. मोरी वापरली नाही की नागपूरच्या उन्हात ते पाणी उडून जातं. आणि घराला फट नसली की फॅन हवा ओढणार कुठून? गटारातून. "म्हणून तं म्हटलं होतं, उघडा म्हणून," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

म्हणजे बघा. गटाराची हवा जावयाच्या बाथरूममध्ये यायची, तिथून दयेच्या जाळीतून बाईंच्या खोलीत, आणि तिथून फॅन ती साऱ्या घरात फिरवायचा. मोहितने आंघोळ केली, पाणी भरलं, वास गेला. श्रेय मिळालं बाईंच्या जाण्याला.

भाऊजींनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे दोष त्या ट्रॅपचा होता."

"मग त्याचा सत्कार करा," मी म्हटलं. "दुकानात ढाली कमी आहेत का?"

ताई म्हणाली, "बाईले घेऊन या. नाही तं मीबी चालली नरखेडले."

दुसऱ्या दिवशी मी आणि भाऊजी गाडीने निघालो. मागच्या सीटवर शाल, श्रीफळ आणि दुकानातली सगळ्यात उंच ढाल. मी म्हटलं हे कशाला, तर म्हणाले, "मले दुसरं काय देता येते, बाबाराव?" हे मात्र त्यांनी इतकं खरं सांगितलं की मी मागे वळून ढाल पडू नये म्हणून नीट टेकवली.

रुपरावच्या ओट्यावर नेहमीसारखी माणसं होती. त्याची बायको गोपिका पाणी घेऊन आली. सिंधूताई ओसरीच्या टोकाला बसल्या होत्या, सगळ्यांपासून दोन हात दूर. भाऊजींनी शाल उलगडली आणि पुढे झाले.

"हे कायचं?" बाईंनी विचारलं.

"सन्मान," भाऊजी म्हणाले.

"कायचा?"

भाऊजींनी आयुष्यात इतके सत्कार पाहिले, पण हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. ते शाल हातात धरून उभे राहिले.

"आता घरी वास येते का गा?" बाईंनी विचारलं.

"येत होता. काल गेला."

"मी नसताना आला होता?"

"हो."

सिंधूताईंनी ओट्याकडे पाहिलं. "त्या दिवशी तुया फोन लाऊडवर होता. ह्या सगळ्याईनं आयकला. आताबी तसंच मोठ्यानं सांग."

भाऊजींच्या हातातली शाल खाली घसरली, ती त्यांनी उचलली नाही. मला वाटलं, आता हा माणूस घसा खाकरून ट्रॅपबद्दल भाषण देणार. पण ते म्हणाले, "बाई, वास तुया नव्हता. माया मोरीचा होता. मी कुलूप लावून ठेवलं, म्हणून आला." आणि मग, बहुतेक जन्मात पहिल्यांदा, पुढे काही जोडलं नाही. नुसते उभे राहिले आणि रडले.

सिंधूताईंनी त्यांना पाण्याचा गडवा दिला. "गोपिका, पाट मांड वं," त्या म्हणाल्या आणि जागेवरून सरकून सगळ्यांच्या मध्ये येऊन बसल्या. जेवताना एवढंच म्हणाल्या, "मी येतो. पण चाबी मायाजवळ राहीन."

आता चाबी त्यांच्या कमरेला असते. भाऊजी आल्यागेल्याला सांगतात की ट्रॅपमध्ये पाणी राहावं म्हणून ती जबाबदारी आपण बाईवर टाकली आहे. सिंधूताई ऐकतात आणि चाबी कमरेला नीट खोचतात. झरोके उघडले आहेत, आणि कुलूप कुठे गेलं ते कोणालाच माहीत नाही.

परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गेलो होतो. सिंधूताई त्या बाथरूममध्ये होत्या, सावकाश, गुडघ्यांच्या वेळेने. बाहेर भाऊजी खांद्यावर टॉवेल टाकून भिंतीला टेकून उभे होते. जुन्या बाथरूममध्ये ताई होती. दार उघडलं, बाई ओल्या पायांनी हॉलमधून चालत अंगणात गेल्या. पिशवीतला तो पांढरा टर्किश टॉवेल त्यांनी नीट पिळला आणि दोरीवर वाळत घातला, साऱ्या गल्लीला दिसेल असा.